शेऱ्याचा रकाना

सशाच्या पाठीवरचे केस चाचणीच्या आदल्या दिवशी काढायचे असतात. क्लिपर कातडीला समांतर धरायचा, दाबायचा नाही, आणि एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरवायचा नाही. घाई केली की ओरखडा उठतो, आणि ओरखडा उठला की तो ससा त्या चाचणीतून बाद. काही सशांच्या पाठीवर मध्येच दाट केसांचा पट्टा असतो, वर्षाच्या ठरावीक काळात तो आणखी दाटतो. ती जागा सोडून द्यायची. काढलेले केस हवेत तरंगत राहतात. मास्क असला तरी संध्याकाळी घरी गेल्यावर भुवयांत सापडतात.

हे सगळं मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे आमच्या अ‍ॅनिमल हाऊसचे अटेंडंट. त्यांचा पहिला धडा क्लिपरचा नव्हताच. "ताई, आधी मागचे पाय सांभाळा," ते म्हणाले होते. बिथरलेला ससा मागच्या पायांनी असा झटका मारतो की त्याच्या स्वतःच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. म्हणून एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि त्याचं डोकं आपल्या कोपरात खुपसू द्यायचं. अंधार झाला की तो शांत होतो. मामांच्या कोपरात ससे झोपल्यासारखे पडून राहत. माझ्या कोपरात पहिले दोन महिने त्यांचं काळीज धडधडत राहिलं, आणि माझंही.

एम.एस्सी. झाल्यावर पहिली दोन वर्षं मी अशा एका प्रयोगशाळेत काढली जिथे रसायनं तपासून दिली जात. रंगांत, साफसफाईच्या द्रव्यांत, कारखान्यांत वापरायची रसायनं. ती माणसाच्या अंगावर सांडली तर काय होईल, हा प्रश्न. उत्तर सशाच्या पाठीवर शोधायचं. पाठीवर साधारण सहा चौरस सेंटिमीटरचा चौकोन, त्यावर अर्धा मिलिलिटर द्रव किंवा अर्धा ग्रॅम भुकटी, वर गॉझ, गॉझवर सैलसर पट्टी. चार तासांनी पट्टी काढायची, उरलेलं रसायन पाण्याने हळूच पुसून घ्यायचं आणि बघायचं. एका तासाने, मग २४ तासांनी, ४८ तासांनी, ७२ तासांनी. काही उमटलंच असेल तर ते मिटतं की नाही हे पाहण्यासाठी चौदा दिवसांपर्यंत.

'बघायचं' हाच त्या चाचणीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द. यंत्र नाही, सुई नाही, रक्त काढणं नाही. आपले दोन डोळे, डोक्यावर एक दिवा, हातात शीट. शीटवर दोन गोष्टींना गुण द्यायचे, लाली आणि सूज. दोन्हींना शून्य ते चार. लालीचा एक म्हणजे 'जेमतेम जाणवणारी'. दोन म्हणजे 'स्पष्ट दिसणारी'. तीन म्हणजे 'मध्यम ते तीव्र'. चार म्हणजे बिटासारखी लालभडक, किंवा अशी खपली की खालची लाली ओळखूच येऊ नये. सुजेला निदान मोजमाप तरी होतं: एक मिलिमीटरपर्यंत उचललेली तीन, त्याहून जास्त उचललेली आणि पट्टीच्या हद्दीबाहेर पसरलेली चार. लालीला मात्र विशेषणंच. 'जेमतेम', 'स्पष्ट', 'मध्यम' या विशेषणांवर जगभरच्या पिंपांवरची लेबलं उभी होती हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. नवीन माणसाला नोकरीत काहीच विचित्र वाटत नाही, सगळं फक्त शिकायचं असतं.

आता गणित सांगते, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. २४, ४८ आणि ७२ तासांच्या तीन गुणांची सरासरी काढायची. जगभर मान्य असलेल्या वर्गीकरणात ती २.३ किंवा त्याहून जास्त आली, आणि तीनपैकी निदान दोन सशांत आली, तर ते रसायन त्वचेला दाह करणारं, 'इरिटंट'. म्हणजे एखाद्या सशाचे गुण दोन, दोन, दोन असतील तर सरासरी दोन, तो सुटला. तीन, दोन, दोन असतील तर सातला तीनने भागायचं, २.३३, तो अडकला. एका सकाळी, एका डोळ्याने दिलेला एक गुण.

तशी एक सकाळ आमच्याकडे आली. रंगहीन, गोडसर वासाचा एक द्रव होता. पहिल्या सशाची पाठ उघड उघड लाल. दुसऱ्याची जवळपास स्वच्छ. तिसऱ्यावर सगळं अडलेलं. २४ तासांचं रीडिंग. मामांनी ससा टेबलावर धरला, मी दिवा ओढला आणि म्हटलं, "तीन." मॅडम वाकल्या, चष्मा वर केला, परत खाली घेतला. "दोन. तू दिवा फार जवळ आणलायस." मी दिवा मागे नेला. लाली खरंच थोडी उतरल्यासारखी वाटली. मग परत जवळ. परत चढली. ससा तोंडात राहिलेली गवताची काडी चावत होता, काडी हळूहळू आत चालली होती.

तेवढ्यात मामा म्हणाले, "गरम लागतंय हो."

त्यांचा तळहात त्या चौकोनाच्या अगदी शेजारी होता. पातळ हातमोज्यातूनही त्यांना ते कळलं होतं. मॅडम हसल्या, दुखावेल असं नाही, आपल्या माणसाकडे बघून हसतात तसं. "मामा, गरमचा रकाना नाही आपल्याकडे."

मी दोन लिहिले. ४८ तासांनी दोन, ७२ तासांनी दोन. तो द्रव सुटला.

मी बरोबर होते आणि मॅडम चूक होत्या, असं मला सांगायचं नाही. आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. कदाचित दिवा खरंच जवळ होता. मॅडमनी हजारेक पाठी वाचल्या होत्या आणि मी तीसेक. पण ते 'गरम लागतंय' डोक्यातून गेलं नाही. पुढे कधीतरी जुन्या वैद्यकाविषयी वाचताना सेल्ससचं नाव समोर आलं. रोमचा हा लेखक इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. दाहाची चार लक्षणं त्याने सांगून ठेवली आहेत: लाली, सूज, उष्णता, वेदना. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ती आजही पाठ असतात. वाचता वाचता मी बोटं मोजली. आमच्या शीटवर चारांपैकी दोन होती. तिसरं मामांच्या तळहाताला कळलं होतं. चौथं फक्त सशाला.

ही शीट ज्याच्या नावाने ओळखली जाते तो जॉन ड्रेझ अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात काम करायचा. १९४४ साली त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध छापला, त्यात त्वचेची आणि डोळ्याची चाचणी कशी करायची आणि गुण कसे द्यायचे ते लिहिलं. त्याला क्रूर ठरवणं सोपं आहे, पण त्याच्या अगोदरच्या दहा वर्षांत काय घडलं होतं तेही पाहिलं पाहिजे. १९३३ च्या सुमारास तिकडे 'लॅश ल्युअर' नावाचा पापण्या काळ्या करायचा रंग विकला जात होता. तो लावून बायकांच्या डोळ्यांत जखमा झाल्या, एकीची दृष्टी गेली, मृत्यूही झाला. आणि सरकारला तो बाजारातून उचलता येईना, कारण १९०६ च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं हा शब्दच नव्हता. मग १९३७ मध्ये सल्फा औषधाच्या एका पातळ मिश्रणाने शंभरावर माणसं दगावली. औषध ज्यात विरघळवलं होतं ते द्रावकच विषारी होतं आणि विकण्याआधी ते कुणी तपासलं नव्हतं. १९३८ ला नवा कायदा आला. आता तपासणं भाग होतं, पण कसं तपासायचं याची सर्वांना सारखी अशी रीत नव्हती. ड्रेझने ती रीत दिली. तिच्यामुळे किती डोळे वाचले असतील ते मोजायला कुठेच रकाना नाही.

त्याची मूळ रीत आमच्याहून कडक होती. सहा ससे, पट्टी चोवीस तास, आणि अर्ध्या जागांवर कातडी मुद्दाम ओरखडून. ससाच का? पाठ मोठी, स्वभाव गरीब, पैदास भराभर, आणि पांढऱ्या सशाच्या पाठीवर लाली लगेच उठून दिसते. यातलं एकही कारण 'त्याची त्वचा माणसासारखी असते' हे नाही. ती तशी नसतेच. सशाची कातडी आपल्यापेक्षा पातळ, केसांची मुळं दाट, आणि बरीच रसायनं तिच्यातून जास्त सहज आत शिरतात. म्हणून ससा बहुतेक वेळा माणसापेक्षा लवकर लाल होतो. काहींना ही जमेची बाजू वाटते: सशाला बाधलं नाही तर आपल्याला नक्कीच बाधणार नाही. 'बहुतेक वेळा' या दोन शब्दांवर किती भार टाकायचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांचं म्हणाल तर आमच्यातला तो दिव्याचा वाद काही नवा नव्हता. १९७१ मध्ये वेल आणि स्काला या दोघा संशोधकांनी वीसहून अधिक प्रयोगशाळांना तीच रसायनं पाठवली, तीच रीत दिली आणि गुण मागवले. एकाच पदार्थाला कुणी निरुपद्रवी म्हटलं, कुणी जहाल. त्यांनी सांगितलं की या चाचण्या आहेत तशाच नव्या नियमांत घालू नयेत. दहा वर्षांनी, १९८१ ला, त्वचेची चाचणी ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या ४०४ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत बसवून जगभर मान्य करण्यात आली. सशांची संख्या आणि पट्टीचा वेळ कमी झाला, ओरखडणं गेलं. विशेषणं तशीच राहिली.

मराठीत 'कातडीबचाऊ' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. जबाबदारी टाळून स्वतःची कातडी वाचवणारा. अ‍ॅनिमल हाऊसमध्ये असताना मला तो शब्द एकदा अक्षरशः ऐकू आला आणि हसू आलं. आम्ही तिथे दुसरं काय करत होतो? आपली कातडी वाचावी म्हणून दुसऱ्याची पुढे करत होतो. हसू ओसरल्यावर असंही वाटलं की कातडी वाचवणं यात वाईट काय आहे. कारखान्यात पिंप उचलणाऱ्याची कातडी वाचलीच पाहिजे. शब्द दोन्हीकडून कापतो.

मराठीत आणखी एक गंमत आहे. इंग्रजीत ज्याला सरसकट 'इरिटेशन' म्हणतात त्याला आपल्याकडे एक शब्द नाही, दहा आहेत. चुरचुरतं, चरचरतं, झोंबतं, आग होते, भगभगतं, खाजतं, टोचल्यासारखं होतं. जखमेवर लावलेलं औषध झोंबतं. ओठ उलले की चुरचुरतात. उन्हाने डोळे भगभगतात. कुणाला कुठला शब्द वापरायचा ते शिकवावं लागत नाही. पण हे सगळे शब्द आतून बोलायचे आहेत. ज्याच्या अंगाला होतं त्यानेच ते म्हणायचे. बाहेरून बघणाऱ्याकडे दोनच शब्द उरतात, लाल झालंय आणि सुजलंय. आणि या आतल्या-बाहेरच्या गोष्टी नेहमी जोडीने येतातच असं नाही. लॅक्टिक आम्ल गालावर लावलं की काही माणसांना जबर झोंबतं, आणि गालावर काहीही दिसत नाही. शीटवर तो शून्य.

ससा सांगतही नाही. शिकार होण्यासाठीच जन्मलेला प्राणी दुखणं लपवतो. दाखवलं की संपलाच. दोन वर्षांत मी सशाला दोनदाच ओरडताना ऐकलं, आणि दोन्ही वेळा पट्टीमुळे नाही, उचलताना घाबरल्यामुळे. बाकी सगळं शांत. या शांततेला आम्ही सरळ 'नॉर्मल' लिहायचो. मी तिथून बाहेर पडल्यावर, २०१२ साली, सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक पद्धत प्रसिद्ध झाली. कानावर क्रमांक गोंदवताना सशांचे चेहरे टिपून ती बसवली होती. डोळे बारीक होणं, गाल चपटे पडणं, नाकाचा आकार टोकदार होणं, मिशा ताठरणं, कान मागे वळून नळीसारखे होणं. वाचल्यावर मी डोळे मिटून त्या गवताची काडी चावणाऱ्या सशाचे कान आठवायचा प्रयत्न केला. आठवले नाहीत. मी पाठ बघत होते.

त्वचेच्या चाचणीचं हे एक नशीबच म्हणायचं. तिच्या जोडीची डोळ्याची चाचणी जगाला दिसली. हेन्री स्पायरा हा न्यूयॉर्कमधला शाळामास्तर, आधी जहाजावर काम केलेला. १९८० मध्ये त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली: सौंदर्यापायी रेव्हलॉन किती सशांना आंधळं करते? पट्टी बांधलेल्या पांढऱ्या सशाचं चित्र लोकांच्या मनात बसलं. त्याच वर्षी त्या प्रसाधन कंपनीने पर्यायी पद्धती शोधायला रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. पुढे बरंच काही झालं. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन सूत्रं, म्हणजे प्राण्याच्या जागी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, ही कपाटातून निघून नियमांत आली. युरोपीय संघाने प्राण्यांवर तपासलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीवर २०१३ मध्ये पूर्ण बंदी घातली, भारताने २०१४ मध्ये प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला मनाई केली. पण प्रसाधनाच्या डब्यावर, प्राण्यांवर चाचणी न केल्याची खूण म्हणून छापलेलं उडी मारणाऱ्या सशाचं चित्र पाहून लोकांना वाटतं की हा विषय संपला. बंदी प्रसाधनांवर आहे. पिंपातून येणारं रसायन हे प्रसाधन नसतं. पाठीचं चित्र जाहिरातीत कधी आलं नाही. लाल चौकोनाकडे बघून कुणाला रडू येत नाही.

पाठीवरून आठवलं. माझी एक मैत्रीण तावातावाने म्हणायची, "सशांवर कशाला, माणसांवरच करा ना!" करून झालेलं आहे. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात अल्बर्ट क्लिगमन हा त्वचारोगतज्ज्ञ १९५१ पासून १९७४ पर्यंत कैद्यांच्या पाठीवर पट्ट्या लावत होता. कैदी बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, हातात थोडे डॉलर पडायचे, आणि पट्टीखाली काय आहे ते पुष्कळदा त्यांना माहीत नसायचं. तुरुंगात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा आपल्याला समोर एकरच्या एकर कातडी दिसली, असं तो पुढे मुलाखतीत म्हणाल्याची नोंद आहे. सुपीक शेत पहिल्यांदा पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखं. मुरमांवरच्या एका प्रसिद्ध मलमामागेही त्याचंच नाव आहे, आणि ते मलम कामाचं आहे, ही गोष्ट मला जास्त छळते. तो जिथे शिकवायचा त्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २०२१ मध्ये आणि शहराने २०२२ मध्ये माफी मागितली. काही ठिकाणी आता स्वखुशीने आलेल्या, सगळं समजावून सांगितलेल्या माणसांवर चार तासांची पट्टी लावून पाहतात, तेही ज्या रसायनांबद्दल भीती नाही त्यांच्याच बाबतीत. अशा तुलनांमधून एक गोष्ट बाहेर आली: सशाने इरिटंट ठरवलेली कित्येक द्रव्यं माणसाच्या दंडावर चार तासांत काहीच करत नाहीत.

मग उरतो तिसरा मार्ग. आमच्याच बॅचची एक जण आता अशा प्रयोगशाळेत आहे जिथे ससा नाही. गेल्या वर्षी तिने मला आत नेलं. इन्क्युबेटरमधून तिने एक ट्रे काढली, खळग्या-खळग्यांची. प्रत्येक खळग्यात एक इवलंसं भांडं आणि त्याच्या तळाशी करंगळीच्या नखाएवढा पांढुरका पापुद्रा. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या, एरवी कचऱ्यात गेलेल्या माणसाच्या त्वचेतल्या पेशींपासून तो वाढवतात. खालून पोषक द्रव, वरून हवा. हवा लागली की पेशींना कळतं की आपण बाहेरच्या बाजूला आहोत, आणि त्या खरोखर थर चढवतात, सगळ्यात वर मेलेल्या पेशींचं कवच, आपल्या अंगावर असतं तसंच. त्यावर रसायनाचा थेंब. एका पद्धतीत पंधरा मिनिटं ठेवून धुवायचं, मग ४२ तास वाट बघायची. नंतर एक पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याला जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा रंग विरघळवून यंत्रात घातला की आकडा येतो. निम्म्याहून जास्त पेशी जगल्या तर पास. निम्म्या किंवा त्याहून कमी उरल्या तर इरिटंट.

ट्रे सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू. काही खळग्या गडद जांभळ्या, काही फिकट, साबणाच्या द्रव्याची मुद्दाम ठेवलेली रांग जवळजवळ पांढरी. "भांडण नाही, दिवा नाही," मैत्रीण म्हणाली. मीही मान डोलावली. २०१० पासून ही पद्धत ओईसीडीच्या यादीत आहे, क्रमांक ४३९. युरोपात २०१६ पासून रसायनांच्या नोंदणीसाठी त्वचेच्या बाबतीत आधी अशी, प्राण्याविना होणारी चाचणीच करायची असा नियम आहे. सशापर्यंत जायची वेळ आता क्वचित यावी.

परत येताना मी तिला विचारलं, "ही पद्धत बरोबर उत्तरं देते हे ठरवलं कसं?" ती थांबली. मग म्हणाली, "सशांच्या जुन्या आकड्यांशी जुळवून." म्हणजे नव्या विद्यार्थ्याचा पेपर तपासायला उत्तरपत्रिका जुन्याचीच, ज्याच्यावर १९७१ मध्येच शंका घेतली गेली होती. दुसरी उत्तरपत्रिका होती कुठे? माणसांच्या पाठींचे आकडे थोडे, आणि त्यातले काही कसे मिळवले ते वर सांगितलंच आहे. त्यामुळे त्या जांभळ्या खळग्यांच्या तळाशीसुद्धा कुठल्यातरी टेबलावरचा कुठलातरी ससा बसलेला आहे, कुठल्यातरी दोघींनी दिवा मागेपुढे करून दोन की तीन ठरवलेला. मला ही पद्धत हवीच आहे, त्यात शंका नाही. फक्त तिला 'निर्मळ' म्हणताना जीभ अडखळते.

आणि सशाची पाठ काय, ती ट्रे काय, दोघांनाही न कळणारी एक गोष्ट आहे, ती माझ्या हातांना कळते. त्या दोन वर्षांत दर पिंजऱ्यानंतर हातमोजे काढायचे, हात धुवायचे, जंतुनाशक चोळायचं, नवे मोजे चढवायचे. दिवसातून तीस-चाळीस वेळा. सहा महिन्यांत बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या. त्वचेवरचं वातावरण किंचित आम्ल असतं, साबण अल्कधर्मी. एकदा धुतल्याने काही बिघडत नाही, पण सावरायच्या आत दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा धुतलं की पेशींमधली स्निग्ध द्रव्यं वाहून जातात आणि भिंतीतला चुना पडावा तसं होतं. नुसतं पाणीसुद्धा मग झोंबतं. नर्सेस, केस कापणाऱ्या, भांडी-धुणी करणाऱ्या बायका, यांच्या हातांचा आजार हाच असतो. त्यांच्या बादलीतलं एकही द्रव्य सशाच्या पाठीवर चार तासांत पकडलं जाईलच असं नाही. चार तासांची चाचणी सांडण्याची आहे, रोजच्या कामाची नाही. मी एकदा मॅडमना हात दाखवले. त्यांनी स्वतःचे दाखवले. आम्ही दोघी हसलो आणि पुढच्या रीडिंगला गेलो. गंमत म्हणजे तेव्हा माझ्या हातांना दोन दिले असते, स्पष्ट दिसणारी लाली. झोंबणं चारपैकी चार.

आता मी सुरक्षा माहितीपत्रकं तयार करते. प्रत्येक रसायनाबरोबर सोळा भागांचं एक पत्रक जातं. दुसऱ्या भागात धोका, अकराव्या भागात विषशास्त्र. त्वचेसाठी एच ३१५ असा संकेत, लाल चौकटीत एक उद्गारचिन्ह आणि एक वाक्य. सशाची पाठ, दिवा, गवताची काडी, सगळं गाळून शेवटी एवढंच उरतं. कधी अकराव्या भागासाठी जुने मूळ अहवाल उघडावे लागतात. स्कॅन केलेली वाकडी पानं, टाइपरायटरचे किंवा हाताने लिहिलेले आकडे. प्राणी क्रमांक, लाली, सूज, तास. १, १, ०. २, २, १. मी ते आकडे पत्रकात उतरवते. काम झाल्यावरही पान लगेच मिटत नाही. शीटच्या अगदी उजव्या कडेला एक अरुंद रकाना असतो, बहुतेक ठिकाणी असतोच. आमच्या शीटवरही होता. मामा बोलले त्या सकाळी पेन माझ्या हातात होतं आणि तो रकाना रिकामा होता; गरमसाठी वेगळा रकाना नव्हता हे खरं, पण तो होता. मी त्यात काय लिहिलं ते मला नीट आठवतं, कारण दर वेळी तेच लिहायचे.

शेरा : निरंक.